जुना आरसी ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर आणताना

मामाने परळच्या खोलीचा माळा आवरायला काढला, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलचा, ट्रान्समीटर खाली आला. फुटाबाचा, सहा चॅनेलचा, ७२ मेगाहर्ट्झ एफएम. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना मामाला मॉडेल विमानांचा नाद लागला आणि नोकरी लागल्यावर त्याने पै-पै साठवून हा सेट घेतला. "मामी भंगारात दे म्हणते. तू बघ काही होतंय का," एवढंच बोलून त्याने तो माझ्या हातात ठेवला.

मी आधी स्टिक हलवून पाहिल्या. कोपऱ्यात नेऊन सोडली की स्टिक डगमग न करता बरोबर मधोमध येऊन थांबत होती. आज स्वस्तातल्या नव्या सेटला अशी स्टिक मिळत नाही. हाताला वजन होतं, स्विच कडक होते आणि मोटरचा वेग ठरवणाऱ्या थ्रॉटलची दातेरी पट्टी एकेका घरावर जाणवत होती. अशा सेटमध्ये जुनं झालेलं असतं ते फक्त रेडिओचं सर्किट. तेवढंच बदलायचं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही, हे ठरवूनच मी स्क्रू काढले. तुमच्याकडेही असा सेट पडून असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. सोल्डरिंग गन धरता येत असेल आणि मल्टिमीटर वाचता येत असेल, तर दोन रविवारांत काम होतं.

डब्याच्या आत काय चालतं

प्रत्येक स्टिकखाली एक पोटेन्शिओमीटर असतो. त्यावरचा व्होल्टेज एनकोडरकडे जातो. एनकोडर सगळ्या चॅनेलांची माहिती एकाच वायरवर, एकामागोमाग एक, अशी रचून पाठवतो. हाच पीपीएम सिग्नल. प्रत्येक चॅनेलला साधारण १ ते २ मिलिसेकंदांची जागा मिळते. स्टिक मध्यावर असेल तर सुमारे १.५, एका टोकाला १ च्या आसपास, दुसऱ्या टोकाला २ च्या आसपास. दोन चॅनेलांच्या मध्ये ०.३ ते ०.४ मिलिसेकंदांची बारीक खूण असते. सगळे चॅनेल संपले की एक लांब मोकळी जागा येते. ती दिसली की रिसीव्हरला कळतं, आता पुन्हा पहिला चॅनेल. ही सगळी फेरी २० ते २२.५ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला साधारण ४४ ते ५० वेळा.

त्या वायरच्या पुढे आरएफ बोर्ड. तो हा सिग्नल ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चढवतो आणि लांब अँटेनातून बाहेर सोडतो. आपल्याला हा शेवटचा बोर्ड बाजूला करून त्याच्या जागी २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल बसवायचं आहे. म्हणून पीपीएमची ती एक वायर सापडली की निम्मं काम झालंच समजा.

एवढा खटाटोप कशाला, असं मामानेही विचारलं. जुन्या पद्धतीत प्रत्येकाचा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा सुटा भाग, ठरलेला. मैदानात दोघांचा क्रिस्टल एकच निघाला आणि दुसऱ्याने सेट चालू केला की पहिल्याचं विमान जमिनीवर. त्यासाठी फळीवर चिमटे लावून कोण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे याची नोंद ठेवायची पद्धत होती. २००५ मध्ये स्पेक्ट्रमचा डीएक्स-६ बाजारात आला आणि २.४ गिगाहर्ट्झ छंदवाल्यांच्या हातात पोचलं. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना आधी ओळखून घेतात, शेजारी दहा जण असले तरी आपला रिसीव्हर आपलंच ऐकतो. आपल्या देशात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापराला खुला आहे. शिवाय ७२ मेगाहर्ट्झच्या अँटेनाला पाव लहर म्हणून जवळजवळ एक मीटर लांबी लागते, तिथे २.४ ला ३१ मिलिमीटर पुरतात.

तुमचा सेट या कामाचा आहे का

एफएम असो वा एएम, आत पीपीएम असेल तर चालेल. काही चांगल्या सेटमध्ये पीसीएम (सिग्नल आकड्यांत पाठवण्याची पद्धत) आणि पीपीएम असे दोन पर्याय असतात. मेनूत जाऊन तो पीपीएमवर आणा, कारण पीसीएमची भाषा या मॉड्यूलना कळत नाही. खेळण्यातल्या गाडीचा २७ मेगाहर्ट्झचा, पुढे-मागे-डावी-उजवी अशा बटणांचा रिमोट मात्र सोडून द्या. त्यात पीपीएम नसतोच.

सेटच्या पाठीमागे मॉड्यूलचा कप्पा असेल तर तुम्ही नशीबवान. जेआर कंपनीच्या पद्धतीच्या कप्प्यात पाच पिना असतात, त्यांत पीपीएम, बॅटरी आणि ग्राउंड आयतेच मिळतात. जुनं मॉड्यूल ओढून काढायचं, नवं सरकवायचं. तुम्ही पुढचे बरेच परिच्छेद गाळून सरळ फर्मवेअरकडे, म्हणजे मॉड्यूलच्या आतल्या प्रोग्रॅमकडे, गेलात तरी चालेल, पण बॅटरीचा भाग वाचा.

कप्पा नाही, पण ट्रेनरचं (शिकणाऱ्याचा सेट शिकवणाऱ्याच्या सेटला जोडायचं) सॉकेट आहे, असेही सेट असतात. त्या सॉकेटवर पीपीएम बाहेर येतो. मॉड्यूल एका छोट्या डबीत बसवून, वेगळ्या बॅटरीवर, त्या सॉकेटला जोडता येतं. सेटला ओरखडाही पडत नाही. बहुतेक क्रिस्टलवाल्या सेटमध्ये क्रिस्टल काढून ठेवला की जुना आरएफ बोर्ड गप्प बसतो. सोल्डरिंगची भीती वाटणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. मी आतून बसवलं, कारण बाहेर लोंबणारी वायर हातात अडकते.

मॉड्यूल कोणतं घ्यायचं

माझी पसंती चार चिपवाल्या मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूलला. त्याचं फर्मवेअर खुलं आहे आणि वेगवेगळ्या कंपन्या त्यावर मॉड्यूल बनवतात. आत चार रेडिओ चिप असतात: ए७१०५ फ्लायस्कायची भाषा बोलते, सीसी२५०० फ्रस्कायची, सीवायआरएफ६९३६ स्पेक्ट्रमची आणि एनआरएफ२४एल०१ अनेक छोट्या खेळण्यांची. बाजूला सोळा घरांचा एक गोल स्विच असतो. शून्यावर ठेवला तर मॉड्यूल आधुनिक सेटकडून सिरियल सिग्नलची वाट बघतं, १ ते १४ वर ठेवला तर पीपीएम घेतं आणि त्या त्या घरात नेमलेली भाषा बोलतं. म्हणजे जुन्या सेटला स्क्रीन नसली तरी भाषा निवडता येते. घेताना दुकानदाराला हा गोल स्विच आहे ना, हे दाखवायला सांगा. काही नव्या छोट्या मॉड्यूलमध्ये तो काढून टाकलेला असतो.

एक्सप्रेसएलआरएस या लांब पल्ल्याच्या, खुल्या रेडिओ पद्धतीचं नाव सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पल्ला आणि वेग दोन्हींत ते सरस आहे. पण त्याची नेहमीची भाषा सीआरएसएफ, म्हणजे डिजिटल सिरियल. जुना सेट बोलतो पीपीएम. मध्ये दुभाषी म्हणून एखादं छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड बसवावं लागतं. हे जमतं, पण पहिल्याच कामात दोन नव्या गोष्टी शिकू नका. आणि एक्सप्रेसएलआरएस घेतलंच, तर ९१५ मेगाहर्ट्झचं घेऊ नका. आपल्याकडे तो भाग मोबाइल कंपन्यांच्या पट्ट्याला भिडतो. फर्मवेअरमध्ये भारतासाठी ८६६ चा वेगळा पर्याय आहे, नाहीतर २.४ चंच घ्या.

ग्रँट रोडची फेरी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा. पाटीवर भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी बहुतेक शटर खाली असतात, शनिवारी दुपारी जा. रेझिस्टर, कॅपॅसिटर, श्रिंक ट्यूब, बारीक सिलिकॉन वायर, जेएसटी कनेक्टर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, व्होल्टेज उतरवणारं ५ व्होल्टचं बक कन्व्हर्टर, संगणकावर पल्स दाखवणारा आठ चॅनेलचा यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर हे सगळं तिथे एका फेरीत मिळतं. मॉड्यूल आणि रिसीव्हर बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात.

आधी बॅटरी

मागचं झाकण उघडलं तेव्हा मामाच्या सेटमध्ये आठ निकेल-कॅडमियम सेलांचा गठ्ठा होता आणि टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी. हे आतून झिरपलेलं अल्कली असतं. हातमोजे घाला, भुकटी फुंकू नका. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग ओल्या कापडाने, शेवटी आयसोप्रोपिलने. ते सेल ई-कचऱ्यात द्या. कॅडमियम विषारी आहे, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ते जाता कामा नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झिरपलेलं अल्कली निगेटिव्हच्या काळ्या वायरमधून आत चढत जातं. वायर बाहेरून चांगली दिसते, पण सोलली की तांबं काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर बसतच नाही. माझ्या सेटमध्ये हे काळेपण थेट स्विचपर्यंत पोचलं होतं. मी स्विचपर्यंतची वायर पूर्ण बदलली. मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या प्रत्येक सेटची ही वायर सोलून बघाच.

जुन्या गठ्ठ्याचा व्होल्टेज ९.६. त्याच्या जागी कमी गळती होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल सरळ बसतात. तीन सेलांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीही जुळते, ९.९ व्होल्ट. तीन सेलांची लिपो (लिथियम-पॉलिमर) नको, भरल्यावर ती १२.६ व्होल्टला जाते आणि जुने रेग्युलेटर विनाकारण तापतात. दोन सेलांची घेतली तर ७.४ व्होल्टवर सेटचा बॅटरीचा बझर सतत ओरडत राहतो.

चार्जिंगच्या पिनचं ध्रुवत्व कंपनीगणिक वेगळं असतं. काही सेटमध्ये मधली पिन पॉझिटिव्ह, काहींत निगेटिव्ह. मीटरने तपासल्याशिवाय चार्जर लावू नका. अनेक सेटमध्ये त्या वाटेत एक डायोड असतो, त्यामुळे स्मार्ट चार्जरला बॅटरी दिसतच नाही. लिथियम बॅटरी असेल तर ती नेहमी बाहेर काढून, तिच्याच चार्जरवर भरा.

पीपीएमची वायर शोधणं

इथे घाई नको. आरएफ बोर्ड बहुतेक वेळा वेगळा असतो, अँटेनाच्या बुंध्याजवळ, आणि मुख्य बोर्डाकडून त्याला तीन-चार वायरी येतात. एक ग्राउंड, एक बॅटरीचा पॉझिटिव्ह, एक पीपीएम. काही वेळा चौथी वायर आरएफ चालू-बंद करण्यासाठी असते.

आधी सेट बंद ठेवून मीटर कंटिन्यूइटीवर लावा. बॅटरीच्या निगेटिव्हशी ज्या वायरवर बीप वाजेल ते ग्राउंड. मग सेट चालू करून उरलेल्या वायरींचा डीसी व्होल्टेज घ्या. ९ ते ११ च्या दरम्यान स्थिर दिसेल ती वीज. जिथे आकडा विचित्र, मधलाच काहीतरी दिसेल, ती संशयित. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून पल्सची वायर अशी अर्धवट आकड्याने ओळखू येते. माझ्याकडे तो आकडा ३.८ होता.

खात्रीसाठी लॉजिक अ‍ॅनालायझर लावा आणि संगणकावर पल्सव्ह्यू हा प्रोग्रॅम उघडा. मात्र हे स्वस्त अ‍ॅनालायझर ५ व्होल्टपेक्षा जास्त सहन करत नाहीत आणि काही सेटमध्ये पीपीएम बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत उसळी घेतो. म्हणून आधी दोन रेझिस्टरची वाटणी करा: सिग्नलकडून १० किलोओम, तिथून ग्राउंडला ४.७ किलोओम. ९ व्होल्टचे साधारण २.९ होतात. वाटणीच्या मधल्या टोकावर प्रोब लावा. सिग्नल ५ व्होल्टचाच असेल तर या वाटणीने तो फार खाली जाईल. तेव्हा वरचा ४.७ आणि खालचा १० घ्या, ३.४ व्होल्ट मिळतील.

पडद्यावर सात खुणा आणि मग लांब मोकळी जागा दिसली की समजा, सहा चॅनेल सापडले. खुणा नेहमी चॅनेलांपेक्षा एकने जास्त असतात. आता एकेक स्टिक हलवा आणि कोणतं अंतर लांब-आखूड होतंय ते कागदावर लिहून घ्या. मामाच्या सेटमध्ये क्रम होता एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), थ्रॉटल, रडर (सुकाणू). फुटाबाचा हा नेहमीचा क्रम. जेआरमध्ये थ्रॉटल पहिला येतो. स्टिक न हलवता एखादं अंतर थरथरत असेल तर त्या पोटेन्शिओमीटरवर मळ आहे. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून स्टिक पन्नासेक वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल तिथे वापरू नका, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ धरते.

सिग्नल सरळ आहे की उलटा, म्हणजे खुणा वर जातात की खाली, याची बरेच जण काळजी करतात. मॉड्यूल एका कडेपासून पुढच्या तशाच कडेपर्यंतचा वेळ मोजतं आणि खुणेची रुंदी कायम असते. म्हणून बहुतेक सेटमध्ये दोन्ही प्रकार चालून जातात.

आता आरएफ बोर्डाचा कनेक्टर काढा. अँटेना काढून तो बोर्ड चालू ठेवू नका, त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जाऊ शकतो. वीजच तोडा. कनेक्टर काढल्यावर पीपीएम पुन्हा तपासा, कारण काही सेटमध्ये पल्स वर खेचणारा रेझिस्टर आरएफ बोर्डावरच असतो. बोर्ड काढला की सिग्नल गायब आणि माणूस एनकोडर मेला म्हणून हताश होतो. मीही संध्याकाळभर त्या बोर्डाकडे बघत बसलो होतो. पीपीएमच्या वायरपासून सेटच्या आतल्या ५ व्होल्टला १० किलोओमचा रेझिस्टर लावला आणि सातही खुणा परत आल्या.

वीज आणि जोडणी

मॉड्यूलच्या पाठीवर किती व्होल्ट चालतात ते छापलेलं असतं. ५ ते १२ च्या पलीकडेपर्यंत चालत असेल तर सेटच्या स्विचनंतरची बॅटरीची वायर सरळ द्या. फक्त ५ व्होल्टचं असेल तर बक कन्व्हर्टर लावा, पण जोडण्याआधी त्याचा आउटपुट मीटरवर ५ ला आणून स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ७८०५ रेग्युलेटरनेही भागतं. ११ व्होल्टवर १०० मिलिअँपिअर घेतले तर त्यात ०.६ वॉट उष्णता होते, म्हणून त्याला प्लास्टिकला टेकवू नका. मॉड्यूलच्या विजेच्या टोकांवर २२० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर लावा.

मुख्य बोर्डावरची एकही वायर कापू नका. आरएफ बोर्डाच्या कनेक्टरमध्ये बसेल असा जोडीदार कनेक्टर शोधा आणि त्याला ग्राउंड, वीज आणि पीपीएम अशा तीन वायरी सोल्डर करा. दुसरं टोक मॉड्यूलच्या पिनांना. तसा कनेक्टर लॅमिंग्टनवर मिळाला नाही तर मेलेल्या कॅसेट प्लेअरच्या बोर्डावर हमखास मिळतो. मग जुना आरएफ बोर्ड नाव लिहून पिशवीत ठेवायचा. उद्या कोणाला सेट मूळ रूपात हवा असेल तर पाच मिनिटांत परत बसतो. कोरडा जोड राहिला तर तो घरी सापडत नाही, होडी तळ्याच्या मध्यावर असताना सापडतो. म्हणून प्रत्येक जोड चिमट्याने हलकेच ओढून पाहा.

अँटेनाबद्दल थोडं विस्ताराने, कारण माझं पहिलं मॉड्यूल इथेच जळलं. दिसायला एकसारखे दोन कनेक्टर असतात, एसएमए आणि आरपी-एसएमए. आटे सारखेच, म्हणून अँटेना व्यवस्थित घट्ट बसते. फरक मधल्या पिनेत. एकात पिन असते, दुसऱ्यात भोक. चुकीची जोडी जमली तर दोन्हीकडे भोक येतं, मध्ये काहीच टेकत नाही आणि मॉड्यूल अँटेनाशिवाय चालू राहतं. बाहेर जायची शक्ती आतच परतते आणि अ‍ॅम्प्लिफायर मरतो. मला दुकानात सांगितलं होतं की "सगळे सारखेच असतात." बसवण्याआधी दोन्ही तोंडं उजेडात धरून बघा, एकीकडे पिन आणि दुसरीकडे भोक असलंच पाहिजे.

जुन्या अँटेनाचं भोक तयारच असतं. तिथून छोटी एक्स्टेन्शन केबल काढून अँटेना बाहेर आणा. ती मॉडेलकडे रोखून धरू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो. आडवी किंवा तिरकी वळवून ठेवा. आत मॉड्यूल डबल टेपने चिकटवलं तरी झाकण लागताना वायर चेपत नाही ना, हे बघा.

फर्मवेअर, क्रम आणि पूर्ण फेक

पहिल्यांदा मॉड्यूल चालू केल्यावर सर्व्हो (स्टिकप्रमाणे वळणारी छोटी मोटर) हलला, पण पूर्ण वळला नाही. कारण साधं आहे. मॉड्यूलचं नेहमीचं फर्मवेअर ९८८ ते २०१२ मायक्रोसेकंदांची फेक, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची हालचाल, गृहीत धरतं, जुना फुटाबा मात्र १५२० च्या दोन्ही बाजूंना सुमारे ४०० एवढंच जातो. त्यामुळे साधारण ८० टक्केच हालचाल मिळते आणि मध्यही २० ने सरकलेला असतो.

यावर उपाय फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे. अर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये प्रकल्प उघडा. ट्रान्समीटरच्या यादीत कस्टमचा पर्याय निवडा. त्यात चॅनेलांचा क्रम आणि शंभर टक्क्यांचे दोन आकडे तुम्ही स्वतः भरू शकता. पल्सव्ह्यूवर मोजलेली टोकं तिथे लिहा. थ्रॉटल पहिला असणाऱ्या सेटसाठी क्रमही इथेच बदलतो. त्याच फाइलमध्ये गोल स्विचच्या चौदा घरांचा तक्ता आहे, आपल्याला हवी ती भाषा हव्या त्या घरात लिहा. मग यूएसबीने मॉड्यूलमध्ये भरा. भरताना सेटची बॅटरी काढून ठेवा.

रिसीव्हर कोणता? मी फ्रस्कायची जुनी डी-८ भाषा बोलणारा घेतला. कारण एकच: त्याचा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवायची सोय, रिसीव्हरवरच्या बटणाने बसतो, ट्रान्समीटरला मेनू असावाच लागत नाही. याची एक किंमत आहे. सीसी२५०० चिपची फ्रिक्वेन्सी मॉड्यूल आणि रिसीव्हर यांच्यात किंचित सरकलेली असू शकते. जवळ सगळं ठीक चालतं, लांब गेलं की तुटतं. कॉन्फिग फाइलमध्ये ट्यूनिंगचा आकडा उणे १२७ ते अधिक १२७ असा भरता येतो. खाली जात जात कुठे संबंध तुटतो ते बघा, वर जात जात कुठे तुटतो ते बघा, मधला आकडा कायम करा. स्क्रीन नसल्यामुळे दर वेळी फर्मवेअर पुन्हा भरावं लागतं, त्याला अख्खी सकाळ लागते. पण हे केल्याशिवाय पाण्यात किंवा हवेत काहीही सोडू नका. फ्लायस्कायच्या रिसीव्हरला ही कटकट क्वचितच पडते.

बाइंड आणि फेलसेफ

बाइंड म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची ओळख करून देणं. मॉड्यूलचं बाइंड बटण दाबून धरून सेट चालू करा, दिवा भराभर लुकलुकायला लागेल. रिसीव्हरचं बटण दाबून त्याला वीज द्या. त्याचा दिवा बदलला की दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. पहिल्यांदा नेहमी ट्रान्समीटर, बंद करताना नेहमी शेवटी ट्रान्समीटर.

फेलसेफसाठी थ्रॉटल पूर्ण खाली, बाकी स्टिक मध्यावर, मग रिसीव्हरचं बटण क्षणभर दाबून सोडा. दिवा दोनदा लुकलुकतो. आता परीक्षा. पंखा काढा किंवा मॉडेल घट्ट धरा, थ्रॉटल थोडा वर घ्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर पुन्हा बसवा. फुटाबाच्या सेटमध्ये थ्रॉटलची दिशा इतरांपेक्षा उलटी असते, त्यामुळे पूर्ण खाली म्हणजे नक्की काय, हे मोटरवरच तपासा. ही तपासणी मी प्रत्येक वेळी पाण्यात सोडण्याआधी करतो.

कुठे चालवायचं

मी या सेटवर विमान जोडलं नाही. मुंबईच्या हद्दीत विमानतळाच्या आसपासचा मोठा भाग रेड झोन आहे, म्हणजे तिथे सरकारी परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्याशिवाय पोलिसांचे ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर बंदी घालणारे आदेश वेळोवेळी निघतात. जुहूच्या वाळूवर किंवा गच्चीवरून "एक चक्कर" मारायचा मोह आवरा. उडवायचंच असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा, सरकारी नकाशावर जागा तपासा आणि शहराबाहेरच्या जाणत्या मंडळींबरोबर जा.

माझ्याकडे होती कोळी मचव्याची साडेतीन फुटी प्रतिकृती, मामाच्याच हाताची. तिला दोनच चॅनेल लागतात, सुकाणू आणि मोटर. ब्रशवाल्या मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कॅपॅसिटर लावले: एक दोन टोकांमध्ये, एकेक प्रत्येक टोकापासून धातूच्या अंगाला. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गिळतं, म्हणून रिसीव्हरची अँटेना तळाशी पडून राहिली तर पल्ला एकदम घटतो. मी बॉलपेनची रिकामी रिफिल डोलकाठीच्या मागे उभी चिकटवली आणि अँटेनाचं उघडं ३१ मिलिमीटरचं टोक तिच्यात वर सरकवलं. ते टोक कापू नका, दुमडूही नका.

पाण्यात सोडण्याआधी जमिनीवर चालून बघा. पीपीएमवर चालणाऱ्या मॉड्यूलला शक्ती कमी करून तपासण्याचं बटण नसतं, त्यामुळे खरंखुरं चालावं लागतं. सकाळी सहाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मामा मचवा मांडीवर घेऊन बसला आणि मी ट्रान्समीटर घेऊन चालत सुटलो. दर वीस पावलांवर सुकाणू डावी-उजवी करायची, तो हात वर करून सांगणार. आधी मोटर बंद ठेवून, मग चालू करून. शेवटी पाठ फिरवून, म्हणजे माझं शरीर मध्ये आलं की काय होतं तेही कळतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा हात दर वेळी वर गेला. इमारतींच्या दाटीत शेकडो वायफाय चालू असतात, तिथला पल्ला मोकळ्या तळ्यापेक्षा कमी येतो. म्हणून तिथे जे मिळालं त्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवा.

तळ्यावर नेण्याआधी तिथल्या व्यवस्थापनाला विचारा, आणि दर पावसाळ्यानंतर चालून बघायची ही फेरी नव्याने करा. पावसाळ्यात सेट बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा आणि सेल बाहेर काढायचे. मी झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर कोणत्या रंगाची वायर काय आहे, गोल स्विच कितव्या घरावर आहे, ट्यूनिंगचा आकडा किती आणि १० किलोओमचा तो रेझिस्टर कुठे लावला आहे, एवढं लिहिलं आहे.